पेपर टिकेल का? आधी बातमीचा खर्च कोण करतो ते पाहू

वाचकहो, तुमच्या घरी पेपर येतो का? येत असेल तर महिन्याचे बिल किती होते ते आठवा. त्यातून रद्दीचे पैसे वजा करा. जे उरले, तेवढ्या पैशांत रोज पहाटे कुणीतरी दहा-बारा छापील पाने तुमच्या दाराच्या कडीला अडकवून जाते. त्या पानांमागे बातमीदार असतो, उपसंपादक असतो, रात्रभर छपाईयंत्रापाशी उभा राहणारा कामगार असतो, गठ्ठे वाहणारा टेम्पोवाला असतो आणि तुमचे जिने चढणारा पेपरवाला असतो. शिवाय कागद आणि शाई. हा सगळा खर्च तुमच्या त्या उरलेल्या पैशांत भागत असेल का?

भागत नाही. गेली कित्येक दशके भागत नव्हता.

'मोबाइलच्या काळात छापील वर्तमानपत्र टिकेल का?' हा वाद हल्ली घरोघरी होतो. आजोबा म्हणतात, पेपराशिवाय सकाळचा चहा चहा वाटत नाही. नात म्हणते, सगळे मोबाइलवर मिळत असताना कागद कशाला? दोघांचेही म्हणणे खरे आहे. पण पेपरचे भवितव्य सवयींपेक्षा हिशेबावर जास्त अवलंबून आहे. म्हणून आज थोडा हिशेब मांडू.

बिल भरत कोण होते?

पेपरचा मोठा खर्च उचलत होता तो जाहिरातदार. दिवाळीत सराफाची पानभर जाहिरात, जूनमध्ये शाळा-क्लासच्या जाहिराती, रविवारी 'वधू पाहिजे', 'वर पाहिजे', 'जागा विकणे आहे', 'नेमणे आहेत' अशा छोट्या जाहिरातींचे रकाने. आपण त्यावरून नजर फिरवून पुढे जात होतो. पण आपल्या वाट्याचा खर्च तेच रकाने भरत होते. वाचकाकडून घेतलेली किंमत त्या मानाने लहान होती. त्यातूनही विक्रेत्याचे कमिशन जायचे.

मग काय झाले? स्थळे विवाहाच्या संकेतस्थळांवर गेली. नोकऱ्या नोकरीच्या पोर्टलवर गेल्या. जुनी स्कूटर आणि भाड्याचे घर अ‍ॅपवर गेले. मोठ्या जाहिरातींचा बराचसा पैसा गूगल आणि फेसबुककडे वळला. म्हणजे तुम्ही पेपर बंद करण्याच्या आधीच, तुमच्या पेपरचे बिल भरणारा माणूस हळूहळू उठून चालला होता.

दुसरीकडे कागद महागला. वर्तमानपत्राचा कागद भारताला मोठ्या प्रमाणात बाहेरून आणावा लागतो. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर त्याचे भाव कडाडले, तेव्हा अनेक पेपरांनी पाने कमी केली. त्याआधी २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या भीतीने घरपोच वाटप थांबले. मुंबईत तर काही दिवस छापील अंक निघालेच नाहीत. त्या दिवसांत बंद झालेला पेपर अनेक घरांत पुन्हा सुरू झाला नाही.

परिणाम आपल्यासमोर आहेत. 'डीएनए' या इंग्रजी दैनिकाची छपाई ऑक्टोबर २०१९ मध्ये थांबली. 'मुंबई मिरर' हे रोज निघणारे पत्र २०२० च्या अखेरीस साप्ताहिक करण्याचा निर्णय झाला. ब्रिटनमधील 'द इंडिपेंडंट' २०१६ पासून फक्त पडद्यावर आहे. आणि व्हिएन्नातील 'वीनर त्साइटुंग' हे १७०३ मध्ये सुरू झालेले पत्र, जगातील सर्वांत जुन्या पत्रांपैकी एक. त्याचा शेवटचा दैनिक छापील अंक ३० जून २०२३ रोजी निघाला.

या शेवटच्या उदाहरणात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ते पत्र ऑस्ट्रियाच्या सरकारच्या मालकीचे होते. कंपन्यांनी आपल्या अधिकृत सूचना त्या पत्रात छापल्याच पाहिजेत, असा तिथे नियम होता आणि त्यातून त्याला मोठे उत्पन्न मिळत होते. कायदा बदलला, सूचना ऑनलाइन गेल्या आणि तीनशे वीस वर्षांपूर्वी सुरू झालेल्या या पत्राची दैनिक छपाई थांबली. साम्राज्य कोसळताना जे पत्र उभे राहिले, ते उत्पन्न गेल्यावर उभे राहू शकले नाही.

मोबाइल नव्हता तेव्हा

पेपर बंद पडणे ही मात्र आजची गोष्ट नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले. त्या तारखेला महाराष्ट्रात आपण पत्रकार दिन पाळतो. मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही मजकूर त्यात असत. ते 'दर्पण' १८४० मध्ये बंद झाले. तेव्हा मोबाइल नव्हता, टीव्ही नव्हता, रेडिओही नव्हता. तरीही ते थांबले.

त्याच मुंबईत १ जुलै १८२२ रोजी फर्दुनजी मर्झबान यांनी गुजराती 'मुंबई समाचार' सुरू केले. ते आजही छापले जाते. २०२२ मध्ये त्याला दोनशे वर्षे झाली. पुण्यात १८८१ मध्ये सुरू झालेला 'केसरी'ही आजवर निघतो आहे. एकाच प्रदेशात, एकाच शतकात जन्मलेली ही पत्रे. काही गेली, काही राहिली. म्हणून 'कागद विरुद्ध मोबाइल' एवढ्याच चष्म्यातून पाहिले तर गोष्ट पुरती दिसत नाही. वाचकाला गरज वाटणे आणि त्या गरजेचा खर्च कुणीतरी उचलणे, या दोन्ही गोष्टी जुळाव्या लागतात.

मोबाइलने दिलेलेही मोजू या

हा लेखही तुम्ही मोबाइलवरच वाचत आहात. तेव्हा मोबाइलला दूषणे देण्यात अर्थ नाही. उलट बडोदा, इंदूर, हैदराबाद, बंगळूर, दिल्ली अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी माणसाला विचारा. मुंबई-पुण्याचा अंक त्याच्यापर्यंत उशिरा पोचायचा किंवा पोचायचाच नाही. आज इंदूरच्या आजीला पहाटे सहाला सांगलीची बातमी वाचता येते, तीही अक्षर मोठे करून. ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांना फोन बातमी वाचूनही दाखवतो. हे कागदाला कधी जमले नसते.

मग कागदाकडे असे काय आहे, जे फोनवर सहज मिळत नाही? माझ्या मते दोन गोष्टी आहेत.

पहिली, जबाबदारीची ओळ. कुठल्याही पेपरच्या तळाशी बारीक अक्षरांत एक मजकूर असतो: हे पत्र कुणी, कुठे छापले, कुठे प्रसिद्ध केले, संपादक कोण. मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव छापणे १८६७ च्या कायद्याने बंधनकारक केले होते. तो मजकूर कुणी वाचत नाही. पण बातमी खोटी निघाली तर कुणाच्या दारात जायचे, हे त्यावरून कळते. चांगल्या बातम्यांच्या संकेतस्थळांवरही अशी माहिती असते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या निरोपाला मात्र ना मालक, ना पत्ता. आणि गंमत पाहा, अफवा पसरवणारेसुद्धा आपला मजकूर पेपरच्या कात्रणासारखा सजवतात. कात्रण दिसले की लोक विश्वास ठेवतात, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

दुसरी, जाहीर नोटिसा. आतल्या पानावरचे ते कंटाळवाणे चौकोन. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत द्यावी लागते आणि त्यातले एक प्रादेशिक भाषेतले असावे लागते. थकलेल्या कर्जापोटी बँकेने मालमत्तेचा ताबा घेतला, तर तीही नोटीस दोन प्रमुख वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातले एक स्थानिक भाषेतले. तुम्ही दिल्लीत असाल आणि वडिलोपार्जित जमीन रत्नागिरीत असेल, तर असा एक चौकोन नजरेतून सुटणे महागात पडू शकते.

पेपर म्हणजे पवित्र ग्रंथ, असेही मानू नका. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर 'पेड न्यूज'चा प्रश्न देशभर गाजला. पैसे घेऊन छापलेला मजकूर बातमी म्हणून वाचकाच्या पुढ्यात ठेवला गेला होता. जो खर्च उचलतो त्याचा हात मजकुरापर्यंत पोचतो, हे तेव्हा उघड झाले. आपण हिशेबाने सुरुवात केली ती म्हणूनच.

खरी काळजी कशाची?

आग लागली, पूल पडला, तर चित्रफीत कुणीही काढतो आणि ती पाच मिनिटांत सगळीकडे जाते. त्यासाठी आता पेपर लागत नाही. पण तुमच्या नगरपालिकेच्या सभेत तीन तास बसून कोण राहणार? पाण्याच्या पाइपलाइनची निविदा किती वेळा बदलली, हे फायलीतून कोण शोधणार? तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात महिनाभर डॉक्टर नाहीत, हे दोन-तीनदा जाऊन खात्री करून कोण लिहिणार? हे काम वेळखाऊ आहे आणि त्यात फारसे 'लाइक' मिळत नाहीत. आजवर ते मुख्यतः वर्तमानपत्रांच्या बातमीदारांनी केले आहे. आपण फोनवर जे वाचतो, त्यातलेही बरेच मूळचे त्यांचेच असते.

पेपर आक्रसला की सर्वांत आधी कात्री लागते ती या तालुक्याच्या बातमीदारावर. तो गेला तर कुणाला पटकन कळतही नाही. फोनवर बातम्यांचा पूर तसाच वाहत राहतो. फक्त त्यात आपल्या गावाची बातमी नसते.

म्हणून मला वाटते, कागद राहील की जाईल यापेक्षा त्या माणसाचा पगार कोण देणार, हा मोठा प्रश्न आहे. याला एक उत्तर अमेरिकेत दिसले. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे डिजिटल उत्पन्न २०२० मध्ये पहिल्यांदाच छापील आवृत्तीच्या उत्पन्नापेक्षा जास्त झाले, आणि त्यात मोठा वाटा वाचकांनी भरलेल्या वर्गणीचा होता. जगभर वाचक असलेल्या इंग्रजी पत्राला हे सोपे आहे, हे खरे. सोलापूरच्या किंवा बेळगावच्या मराठी पत्राला ते तितके सोपे नाही. पण दिशा कळते: जाहिरातदार उठून गेला, तर त्याच्या खुर्चीवर वाचकाला बसावे लागेल.

आणि आपण काय करतो? पहाटे सोसायटीच्या ग्रुपवर पाच पेपरांच्या पीडीएफ येतात. आपण एक उघडतो, पाचही पुढे पाठवतो आणि वर 'आता पेपर घ्यायची गरजच नाही' असे समाधानाने म्हणतो. दुकानातून कुणी पाच पेपर न विचारता उचलून आणले, तर आपण त्याला काय म्हणू?

माझा अंदाज असा: छापील पेपर लगेच जाणार नाही. आपल्याकडे तो घरपोच येतो, स्वस्त आहे आणि लहान गावांत त्याचा दबदबा अजून आहे. पण त्याची पाने कमी होतील, किंमत वाढेल, काही पत्रे फक्त फोनवर उरतील. जी टिकतील ती वाचकाने ठरवून, किंमत मोजून टिकवलेली असतील.

घरातल्या घरात काय करता येईल?

पेपर येत असेल, तर पेपरवाल्याचे बिल वेळेवर द्या. कमिशनवर चालणारा तो धंदा आहे. मुलांना रोज एकच बातमी मोठ्याने वाचायला लावा आणि विचारा, 'हे कुणी सांगितले? कशावरून?' जाहीर नोटिसांच्या पानावर नजर टाकायची सवय ठेवा.

पेपर येत नसेल, तर कुठल्याही एका विश्वासू पत्राची किंवा संकेतस्थळाची वर्गणी भरा. एक पुरे. पीडीएफ पुढे पाठवू नका. ग्रुपवर कात्रण आले तर त्यावरचे पत्राचे नाव आणि तारीख पाहा आणि त्या दिवशीच्या ई-पेपरमध्ये ती बातमी सापडते का, ते तपासा. नाव-तारीख नसेल, तर ते तिथेच थांबवा.

आणि आज एक छोटे काम करा. तुमच्या गावच्या किंवा वॉर्डातल्या कारभाराविषयी, म्हणजे पाणी, रस्ता, शाळा, दवाखाना यांविषयी, शेवटची खरीखुरी बातमी तुम्ही कुठे वाचली होती ते आठवा. आठवली, तर ती ज्याने दिली त्याला पैसे देऊन वाचा, मग ती कागदावर असो की काचेवर. आठवत नसेल, तर घरातल्या इतरांना विचारा. कुणालाच आठवले नाही, तर तुमच्या गावाचा बातमीदार कदाचित आधीच गेला आहे.