वेळ वाचवा, पण माया ठेवा



आज कागदावर शिवायच्या गोधडीबद्दल बोलू या. या पद्धतीचे ब्लॉक दिसायला फार सुंदर असतात. टोकं कशी अगदी टोकाला टोक! पण वेळ इतका खातात की बऱ्याच जणींचे चार ब्लॉक होतात आणि पिशवी कपाटाच्या वरच्या फळीवर जाते. माझीही गेली होती. ती खाली कशी आली, ते सांगते.

माझ्या नणंदेच्या मुलीला बाळ होणार होतं. सासूबाईंची दोन इरकली लुगडी ट्रंकेत होती. मधे विरलेली, पण काठापदराकडे अजून धडधाकट. नणंद म्हणाली, "वहिनी, आईच्या लुगड्यांची गोधडी बाळाच्या बारशाला झाली तर किती छान होईल!" मी हो म्हणून बसले. हातात सात आठवडे, रोज दुपारचा जेमतेम तास, आणि कापड असं की वाया गेलं तर बाजारात मिळणार नाही.

आता ज्यांना ही पद्धत नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कागदावर नक्षी छापलेली असते आणि प्रत्येक भागाला क्रमांक असतो. कापड कागदाच्या कोऱ्या बाजूला ठेवायचं आणि छापलेल्या बाजूने, रेघेवरून टीप मारायची. १ नंबरच्या तुकड्याला २ नंबरचा जोडायचा, उलटून इस्त्री करायची, मग ३. शेवटी कागद फाडून टाकायचा. कापड मागच्या बाजूला असल्यामुळे नक्षी आरशातल्यासारखी उलटी येते, एवढं ध्यानात ठेवा.

कागदाचा आधार घेऊन तुकडे जोडणं जुनंच आहे. इंग्लंडमध्ये १७१८ साल घातलेली एक रेशमी तुकड्यांची चादर जपून ठेवली आहे. तिच्या आत ते कागद अजूनही तसेच आहेत. ती हाताने शिवलेली, आपण यंत्रावर शिवतो. आपल्या आज्यांनी मात्र कागद कधी वापरला नाही. त्यांची गोधडी, वाकळ किंवा इथल्या उत्तर कर्नाटकातली कौदी अंदाजाने आणि धावदोऱ्याने उभी राहिली. मला दोन्ही हवं होतं. वरचे ब्लॉक कागदावर नेमके, आणि खालचे थर आजीच्या पद्धतीने हाताने.

माझा ब्लॉक ७ इंची, सात तुकड्यांचा. असे २० ब्लॉक, चार बाय पाच. म्हणजे २८ बाय ३५ इंच आणि भोवती लुगड्याचे काठ. मी एकेक ब्लॉक पूर्ण करत निघाले. एका ब्लॉकमध्ये सहा शिवणी, प्रत्येक शिवणीनंतर उठून इस्त्री. म्हणजे सगळ्या गोधडीसाठी १२० वेळा खुर्चीतून उठायचं! दहा दिवसांत चार ब्लॉक झाले. त्यातले दोन बाकीच्यांपेक्षा पाव इंच लहान, कारण काही कागद मी घरी छापले होते आणि काही बाहेर, आणि दोन्ही मोजून पाहिलेच नव्हते. चूक सर्वस्वी माझी. पण पदराचे चांगले हातभर कापड गेलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दोरे आणायला चिकपेटला गेले. तिथल्या मागच्या गल्लीत माझे ओळखीचे एक शिंपीकाका बसतात. घरात मराठी बोलणारी ही शिंपी मंडळी कित्येक पिढ्या बेंगळुरूच्या जुन्या पेठेत आहेत. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मिसळलंय की ऐकत राहावं. मी रडगाणं गायल्यावर काकांनी समोरचा ढीग दाखवला. बारा ब्लाऊज. आधी बाराही कापलेले, आता बाराही ब्लाऊजच्या बाह्या चालल्या होत्या. "एकेक पुरा करत बसलो तर मुगियल्ला!" म्हणाले. म्हणजे, संपणारच नाही. "हात तोच, काम तेच. फक्त सारखं सारखं उठू नका."

घरी येऊन मी पद्धतच बदलली. तीच आता क्रमाने सांगते.

कागद एकदाच, पण मोजून. ए४ कागद जेमतेम सव्वाआठ इंच रुंद असतो, त्यामुळे ७ इंची ब्लॉक मायेसकट एका कागदावर बसतो. याहून मोठा घेतलात तर कागद जोडत बसावं लागेल. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद करा, आकार शंभर टक्के ठेवा आणि छापल्यावर फूटपट्टी लावून बघाच. सगळे कागद एकाच ठिकाणी छापा.

याहून सोपी युक्ती म्हणजे एकच कागद छापायचा. त्याखाली सात-आठ पातळ कोरे कागद ठेवून कडेला टाचायचे आणि यंत्रात दोरा न घालता रेघांवरून सुई चालवायची. सगळ्या कागदांवर भोकांच्या रेघा उमटतात. शिवताना त्या दिसतात आणि कागद नंतर सहज फाटतो. सुई जुनी वापरा, कागदाने धार जातेच. प्रत्येक कागदावर क्रमांक आणि रंग एकाच बाजूला लिहा. भोकं दोन्हीकडून दिसतात, त्यामुळे बाजू बदलली की नक्षी उलटी होते.

खळ सगळ्या कापडाला आधी. जुनं लुगडं इतकं मऊ असतं की तिरकं कापलं की ताणलं जातं. साबुदाण्याची पातळ खळ करून सगळं कापड एकदम बुडवा, सावलीत वाळवा, थोडं दमट असतानाच इस्त्री करा. पावसाळी हवा असेल तर आदल्या दिवशीच करा, नाहीतर कापड चिकट राहतं. कागदासारखं कडक झालेलं कापड कात्रीखालीही पळत नाही आणि सुईखालीही नाही.

तुकडे आधी कापून ठेवा. सगळ्यात जास्त वेळ इथे वाचतो. कागदावरच्या प्रत्येक भागाची जास्तीत जास्त लांबी-रुंदी मोजा आणि चारी बाजूंनी अर्धा इंच वाढवा. म्हणजे लांबीत एक इंच, रुंदीत एक इंच. दोन बाय तीन इंचांच्या भागाला तीन बाय चारचा तुकडा. त्या मापाच्या पट्ट्या काढून पट्ट्यांचे तुकडे करा. कापडाचे चारपेक्षा जास्त थर एकावेळी कापू नका, खालचा थर सरकतो. मी मिठाईचे सात रिकामे डबे घेतले, झाकणावर १ ते ७ लिहिलं आणि प्रत्येकात वीस-वीस तुकडे भरले. मग शिवताना शोधाशोध नाही, "हे पुरेल का?" अशी धाकधूक नाही.

इथे कोणी म्हणेल, अर्धा इंच जास्त घेतला तर कापड वाया नाही का जात? थोडं जातं. पण उलटल्यावर कोपरा झाकला गेला नाही तर अख्खा तुकडा जातो, वर शिवण उसवण्यात अर्धा तास.

पहिला ब्लॉक एकटाच शिवा. वीस ब्लॉक एकदम करायचे म्हणजे चूकही वीस वेळा होणार! म्हणून पहिला ब्लॉक साध्या जुन्या कापडाचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून बघा. माप बरोबर आलं, नक्षी पाहिजे त्या दिशेला आली, सगळे तुकडे पुरले, की मगच लुगड्याला हात लावा. हा एक तास वाचवायचा नाही.

माळ ओवल्यासारखं शिवा. यंत्राचा टाका बारीक करा, साधारण दीड मिलिमीटर. सुई १४ नंबरची. बारीक टाक्यामुळे कागदाला जवळजवळ भोकं पडतात आणि फाडताना शिवण ओढली जात नाही. बॉबिन तीन-चार आधीच भरून ठेवा. आता वीसही कागदांवर १ नंबरचा तुकडा, उलट बाजू कागदाकडे करून, गोंदाच्या कांडीचा ठिपका देऊन चिकटवा. त्यावर २ नंबरचा, सुलट बाजूवर सुलट बाजू. रेघेच्या दोन टाके अलीकडून सुरू करून दोन टाके पलीकडे थांबा, आणि दोरा न कापता पुढचा कागद सरकवा. वीस कागदांचं तोरण तयार होईल. मग दोरे कापा, सगळे उलटा, सगळ्यांना एकदम इस्त्री. मग सगळ्यांना ३ नंबर.

हिशोब करून बघा. इस्त्रीसाठी १२० ऐवजी फक्त सहा खेपा!

इस्त्री कोरडीच हवी. वाफेने कागद आखडतो आणि माप बिघडतं. मधेच एखादी शिवण बसवायची असेल तर चमच्याची पाठ दाबून फिरवा, तेवढं पुरतं.

माया आधी कापा, मग पुढचा तुकडा ठेवा. ही युक्ती कळल्यापासून मी तुकडे उजेडाला धरून बघणं सोडून दिलं. पुढची टीप ज्या रेघेवर येणार, तिच्यावर जुनी लग्नपत्रिका ठेवा आणि कागद तिच्यावर मागे दुमडा. कडेला टाके तुटून कागद थोडा सुटला तर सुटू द्या. आता बाहेर डोकावणारं कापड दुमडीपासून पाव इंच ठेवून कापा. कागद सरळ करा. नवा तुकडा त्या कापलेल्या कडेला कड जुळवून ठेवा. झालं, तो आपोआप बरोबर जागी बसतो.

आपल्या बेंगळुरूत बसमध्ये, रांगेत, पार्किंगमध्ये सगळीकडे 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी' चालतं. या पाव इंचात मात्र चालत नाही. माया कमी ठेवली तर दोन धुण्यांत शिवण उसवते, आणि बाळाची गोधडी तर रोजच धुवायची असते.

कागद काढायची घाई नको. ब्लॉक एकमेकांना जोडून होईपर्यंत कागद राहू द्या. कडा ताणल्या जात नाहीत. मग शिवणीवर दुमडून अलगद ओढा, कोपऱ्यातले कपटे चिमट्याने काढा. हे काम घरात वाटून द्या. आमच्याकडे संध्याकाळी सगळे गोल करून बसलो, मुलांनी तर हौसेने कागद फाडले. कागद फाडल्याबद्दल शाबासकी मिळायची ही बहुधा पहिलीच वेळ!

उरलेले सोळा आणि ते दोन लहान ब्लॉक पुन्हा, असे अठरा ब्लॉक माझे दोन आठवड्यांत झाले. त्याच एका तासात.

वाचलेल्या वेळाचं काय केलं? बाकीची गोधडी हाताने घातली. आत जुन्या सुती साडीचे दोन थर, खाली मऊ अस्तर आणि वरून धावदोरा. इथे मी कुठलीच युक्ती वापरली नाही. नणंद पंधरा दिवस आधीच आली होती, तिने चार ओळी घातल्या. माझ्या जाऊबाईंनी घातल्या. सुई कधी न धरलेल्या माझ्या लेकाने एक ओळ घातली. ती वाकडी आहे, तशीच ठेवली. शेवटी टाचण्या मोजून परत डबीत टाकल्या (बाळाच्या वस्तूत हे विसरू नका) आणि खळ निघून जावी म्हणून गोधडी दोनदा धुतली.

बारशाच्या दिवशी पाळण्यात ती अंथरली तेव्हा नणंद काही बोलली नाही. नुसता काठावरून हात फिरवत राहिली.

कापडाच्या कडेला सोडलेल्या त्या पाव इंचाला आपल्या भाषेत 'माया' म्हणतात. वरून ती दिसत नाही, पण सगळी शिवण तिच्यावरच टिकते. तेव्हा मैत्रिणींनो, उठबस वाचवा, शोधाशोध वाचवा, इस्त्रीच्या खेपा वाचवा. माया मात्र पुरती ठेवा.

आता उठा आणि कपाटावरची ती पिशवी खाली काढा बघू!