गैरहजर मांडण्याआधी

गेल्या महिन्यात नातू पुण्याहून गणेशपुरीला आला, तो एक हिरवा बोर्ड घेऊनच. मी कुंडावरून परत येऊन पाहतो तर ओटीभर पसारा.

"काय रे, बिघडलंय का?"

"नाही आबा, वायफायची चिप दिसत नाहीये."

मी चष्मा लावून वाकलो. चिप समोर होती, नखाएवढी. "ही काय!"

"तुम्हाला दिसते हो. कर्नेलला दिसत नाही."

मग त्याने सगळं समजावलं. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. सुरू होताना तो हजेरी घेतो. पेनड्राइव्ह खोचला की त्याला तिथेच वीज मिळते आणि तो लगेच नावगाव सांगतो. बोर्डावर डाग देऊन कायमची बसवलेली चिप तशी नसते. तिला आधी एक व्होल्टेज, मग दुसरं, मग घड्याळाचे ठोके द्यायचे, मग रीसेटची तार सोडायची आणि काही मिलिसेकंद थांबायचं. तेव्हा कुठे ती बोलते. हा क्रम चुकला की ती गप्प.

खरी मेख पुढेच आहे. हजेरीला उत्तर आलं तरच कर्नेल त्या चिपचा ड्रायव्हर कामाला लावतो. आणि चिपची वीज सुरू करायची कशी, हे ठाऊक असतं त्या ड्रायव्हरलाच! वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशातली गत.

लिनक्समध्ये यावर बरीच वर्षं डागडुजी चालली. कोणता भाग कोणत्या तारेला जोडलाय, हे 'डिव्हाइस ट्री' नावाच्या फाइलीत लिहिलेलं असतं. वीज देण्याच्या पायऱ्याही तिथेच लिहाव्यात, अशी सूचना 2012 मध्ये आली होती. ती स्वीकारली गेली नाही, आणि मला ते पटतं. घराचा नकाशा आणि स्वयंपाकाची कृती एका वहीत लिहू नये. 2015 मध्ये 4.0 आवृत्तीत एसडी कार्डाच्या जातीच्या जोडणीपुरती सोय झाली. सप्टेंबर 2024 मधल्या 6.11 आवृत्तीत मात्र पॉवर सिक्वेन्सिंगसाठी स्वतंत्र व्यवस्थाच आली. वायफाय आणि ब्लूटूथ यांना एकाच ठिकाणून वीज येत असेल, तर कोण कोण वापरतंय याची मोजणी ठेवली जाते. एक निघाला म्हणून दुसऱ्याच्या अंगावरचं पांघरूण ओढलं जात नाही. आणि पीसीआयवर बसवलेल्या चिपला वीज दिल्यावर कर्नेल पुन्हा एकदा हजेरी घेतो.

या दुसऱ्या हजेरीपाशी मी अडखळलो.

1980 च्या सुमाराची गोष्ट. माझ्या वर्गात कातकरी पाड्यावरचा एक मुलगा होता, शेवटच्या रांगेत बसायचा. नाव पुकारलं की उत्तर नाही. मी मान वर न करता 'गै' लिहायचो. असं किती दिवस चाललं असेल, देव जाणे. एकदा शेजारचा पोरगा म्हणाला, "गुरुजी, तो हाय की! काल दुपारपासून जेवला नाय." त्या दिवशी माझ्या डब्यातली भाकरी त्याला दिली. दिवाळीनंतर तो आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेला, तो परत आलाच नाही. हजेरीपटात त्याच्या नावापुढे 'गै'ची रांग राहिली. त्यातले कित्येक माझ्या हातचे, आणि खोटे.

पुढे 2001 मध्ये शाळेत शिजवलेलं अन्न द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. तेव्हा काही सहकारी कुरकुरले, शाळा म्हणजे काय खानावळ आहे का? मला वाटतं, क्रम आता कुठे सरळ झाला होता. उत्तर मागण्याआधी उत्तर देण्याइतकं बळ द्यायला हवं, आणि ते देण्याची जबाबदारी हजेरी घेणाऱ्याची.

नातवाचा दोष शेवटी सापडला. त्याने रीसेटची तार भलत्याच आकड्यावर लिहिली होती. चिप बिचारी पहिल्यापासून हजर होती.