कूपनवरच्या अटी मराठीत लिहा, आणि मोठ्या अक्षरात लिहा

पोस्ट जरा लांब आहे, पण दिवाळीच्या बाजाराला निघायच्या आधी एकदा वाचा. घरातल्या बायकांना तर नक्की वाचून दाखवा, कारण पिशवी घेऊन रांगेत त्याच उभ्या असतात.

सोयाबीनचे पैसे हातात पडले की वैरागची माणसं एकतर बार्शीला जातात नाहीतर सोलापूरला. दोन्हीकडं हल्ली दुकानाबाहेर एकच भाषा. इतक्याची खरेदी करा, इतक्याचं कूपन मिळवा. दोनावर एक मोफत. लकी ड्रॉमध्ये दुचाकी. आपल्या वैरागातही हे लोण आता आलंय. धंदा वाढवायला दुकानदारानं योजना काढली तर त्यात गैर काही नाही. माझी तक्रार योजनेवर नाहीच. तक्रार अशी आहे की योजना बाहेर बोर्डावर हातभर अक्षरात असते आणि तिच्या अटी काउंटरवर, पैसे द्यायच्या वेळी, तोंडी कळतात.

आधी हिशेब बघा. समजा बोर्डावर लिहिलंय, ३,००० च्या खरेदीवर ५०० चं कूपन. आपण मनात धरतो की सहाव्या हिश्शाची सूट मिळाली. म्हणजे शेकडा साडेसोळाच्याही वर. आता मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. ५०० चं एक कूपन नाही, १०० ची ५ कूपनं आहेत. एका बिलावर एकच चालणार. प्रत्येक बिल किमान १,००० चं पाहिजे. म्हणजे ती ५०० ची सूट पदरात पाडायची तर आणखी ५,००० ची खरेदी करावी लागणार. एकूण खरेदी झाली ८,००० ची आणि सूट ५०० ची. शेकडा सव्वासहा! वर पुन्हा मुदत १५ दिवसांची, आणि किराण्यावर चालणार नाही, फक्त कपड्यांवर. सोलापूरला पाच वेळा जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं यात धरलेलंच नाही.

हा आकडा मी समजावण्यासाठी घेतलाय, पण अशा अटी तुम्ही सगळ्यांनी पाहिल्यात. याला फसवणूक म्हणावं का? अटी आधी, स्वच्छ, समजेल अशा भाषेत सांगितल्या असतील तर मी म्हणणार नाही. गिऱ्हाईक शहाणं आहे, परवडलं तर घेईल, नाहीतर सोडेल. पण सामान ट्रॉलीतून काउंटरवर आल्यावर, मागं वीस माणसं उभी असताना सांगणार असाल, तर मग ती अट राहत नाही, तो अडवणुकीचा प्रकार होतो.

गेल्या वर्षी दिवाळीआधी सोलापुरातल्या एका मोठ्या दुकानात हे डोळ्यांनी बघितलं. आमच्या गल्लीतल्या वहिनी सोबत होत्या. हातात तीन कूपनं, नीट घडी घालून पाकिटात ठेवलेली. पोरांचे कपडे, एक साडी, तेलाचा डबा. काउंटरवरच्या पोरीनं कूपन मशीनला लावलं आणि म्हणाली, "मावशी, हे चालत नाही. तेल वगळून हजार होत नाहीत." वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, कुठं लिहिलंय तसं?" पोरीनं कूपन उलटं करून दाखवलं. सगळं इंग्रजीत, मुंगीच्या डोळ्याएवढ्या अक्षरात. मागून एक जण ओरडला, "ओ ताई, आवरा लवकर!" वहिनींनी काय केलं असेल? साडी बाजूला काढून ठेवली, बाकीच्याचे पैसे दिले आणि बाहेर आल्या. येताना गाडीत एक शब्द बोलल्या नाहीत. शंभर रुपयांचं दुःख नव्हतं ते. चारचौघांत आपल्याला वाचता आलं नाही, याची लाज वाटली त्यांना. लाज खरं तर ज्यानं ते तसं छापलं त्याला वाटायला पाहिजे होती.

आता त्या काउंटरवरच्या पोरीविषयी. ती कोण असते? आपल्याच आजूबाजूच्या गावातली, बारावी झालेली, घराला हातभार लावणारी. अट तिनं ठरवलेली नसते. संगणक कूपन घेत नाही म्हटल्यावर तिच्या हातात काही नसतं. दिवसभर उभं राहायचं, आणि दुकानाच्या मालकाला जे बोलायचं ते सगळं गिऱ्हाइकानं तिला बोलायचं. संध्याकाळी गल्ल्यात पैसे कमी भरले तर पगारातून कापतात, असं हे काम करणारी पोरं सांगतात. केरळनं २०१८ मध्ये आणि तामिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या कामगाराला बसायला जागा मिळावी म्हणून कायद्यात तरतूद केली. बसायला मिळावं यासाठीसुद्धा कायदा करावा लागतो, यावरून काय ते समजा. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की पोरीवर ओरडू नका. शांतपणे म्हणा, "बाळ, मॅनेजरला बोलव." आणि जे विचारायचं ते त्याला विचारा. मागं रांगेत असाल तर दोन मिनिटं दम धरा. आज त्यांची पाळी आहे, उद्या आपली असेल.

दुसरं म्हणजे कायदा. आपल्याकडं एक समज आहे की ग्राहकाचा कायदा म्हणजे शहरातल्या शिकलेल्यांचं काम. तसं नाही. ग्राहक चळवळीचं मूळच महाराष्ट्रात आहे. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली, त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये देशाचा ग्राहक संरक्षण कायदा आला. आता लागू आहे तो २०१९ चा नवा कायदा, २० जुलै २०२० पासून. त्यात अनुचित व्यापारी प्रथा कशाला म्हणायचं ते लिहून ठेवलंय. बक्षीस किंवा मोफत वस्तू द्यायचा इरादाच नसताना ती जाहीर करणं, किंमत आधीच वसूल करून वस्तू फुकट दिल्याचा भास करणं, योजना संपल्यावर निकाल लोकांपासून लपवणं, हे सगळं त्यात येतं. बिल न देणंही येतं. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणंही येतं. म्हणजे 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हा शिक्का सदोष मालाला लागू होत नाही. तो शिक्का वाचून गप्प बसू नका.

आणखी एक महत्त्वाचं. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात म्हटलंय की जाहिरातीतला दावा ज्या भाषेत असेल, त्याच भाषेत खुलासा पाहिजे आणि अक्षरही तेच पाहिजे. आता सांगा, बाहेर 'महाबचत' मराठीत आणि आत अटी इंग्रजीत, हे कुठल्या हिशेबात बसतं? महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत लावायची सक्ती आहे. पाटी मराठीत झाली, चांगलं झालं. पण गिऱ्हाइकाचे पैसे पाटीवर जात नाहीत, ते अटीवर जातात. मराठीचा आग्रह तिथपर्यंत जायला नको का?

कोण म्हणेल, शंभर-दोनशे रुपयांसाठी कुठं भांडत बसायचं? भांडणारे भांडलेत. चंदीगडमध्ये एका ग्राहकाकडून बाटाच्या दुकानात कागदी पिशवीचे ३ रुपये घेतले. तो ग्राहक मंचात गेला. २०१९ मध्ये त्या ३ रुपयांपायी कंपनीला एकूण ९,००० रुपये भरायचा आदेश झाला. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय आयोगानं बिग बझारच्या प्रकरणात सांगितलं की आधी कल्पना न देता काउंटरवर पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित प्रथा आहे. त्याआधी २०१७ मध्ये वुडलँडच्या प्रकरणात त्याच आयोगाचा निकाल आला होता. एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात, तेव्हा छापील किमतीवर सूट जाहीर करून सूट दिलेल्या रकमेवर वेगळा व्हॅट लावता येणार नाही. या तिन्ही प्रकरणांत मुद्दा एकच आहे. जे सांगायचं ते आधी सांगा, काउंटरवर नवीन काही काढू नका. कूपनलाही हेच लागू व्हायला पाहिजे, असं माझं मत आहे.

मोबाईल नंबरचंही तसंच. "नंबर सांगा, त्याशिवाय बिल निघत नाही" असं सर्रास ऐकायला मिळतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलंय की नंबरासाठी अडून बसू नका. नंबर द्यायचा का नाही ही तुमची मर्जी. रांगेत मोठ्यानं नंबर सांगणाऱ्या लेकीबाळींना हे जरूर सांगा.

आता दुकानदाराची बाजू. गावातला किराणावाला याबाबतीत बिचारा दोन्हीकडून अडकतो. कंपनीचा सेल्समन येतो, स्कीम सांगतो, माल उतरवतो आणि पुढच्या खेपेला म्हणतो स्कीम बंद झाली. पुडीतलं कूपन घेऊन पोरगं दुकानात येतं, दुकानदार त्याला वस्तू देतो आणि वितरकाकडून ती वसूल व्हायची वाट बघत बसतो. त्याच्याकडं कूपन नसतं, पण अडीनडीला वहीवर उधार देतो, हे कुठल्या मोठ्या दुकानाच्या योजनेत बसत नाही. तरीपण एक बोलतो, राग मानू नका. बिल न देण्याची सवय आपल्या दुकानदारांनी सोडली पाहिजे. मोठ्या दुकानाकडं बोट दाखवताना आपल्या गल्ल्यावर बिलबुक असू द्या. विश्वास आहे म्हणून बिल नको, ही सबब आता पुरे. विश्वास आहे म्हणूनच लिहून द्या.

आणि शेतकऱ्याला तर उलटी योजना भेटते. बाजारात एकावर एक फुकट, आणि खताच्या दुकानात एकावर एक सक्तीचं! युरिया पाहिजे तर ही बाटलीपण न्या. या लिंकिंगला सरकारची मान्यता नाही, कृषी खातं दर हंगामाला बजावतं, तरी पेरणीच्या घाईत हे चालतं. कारण तेच. गिऱ्हाईक घाईत आहे, मागं रांग आहे आणि काउंटरच्या पलीकडच्याला हे पक्कं माहीत आहे.

मग करायचं काय? सोपं आहे.

१. ट्रॉली भरायच्या आधी कूपन दाखवून विचारा: कशावर चालतं, किमान बिल किती, एका बिलाला किती, मुदत कधीपर्यंत. मॅनेजरकडून ऐका.

२. बाहेरच्या बोर्डाचा आणि कूपनच्या दोन्ही बाजूंचा मोबाईलवर फोटो काढा. तारखेसकट राहतो.

३. कूपन आहे म्हणून नको ती वस्तू घेऊ नका. सगळ्यात मोठी बचत तीच.

४. बिल घ्याच. बिल नाही तर पुढं काही नाही.

५. दाद लागली नाही तर १९१५ वर फोन करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. त्यापुढं सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, ऑनलाइनही तक्रार करता येते. दुकान कुठंही असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

वैरागच्या व्यापारी मंडळींना एक जाहीर विनंती. या दिवाळीत जो कोणी योजना काढेल, त्यानं त्याच बोर्डावर, त्याच अक्षरात, चार ओळी मराठीत लिहाव्यात: कशावर, किती, कधीपर्यंत, काय चालणार नाही. लकी ड्रॉ असेल तर सोडतीची तारीख आधी लावा आणि निकाल दुकानाबाहेर लावा. खर्च एका फ्लेक्सचा. जो हे करेल त्याच्या दुकानाचा फोटो मी स्वतः माझ्या वॉलवर टाकीन, फुकटात, आणि त्याला कुठलीही अट नाही.

कुणाकडं असं अडवलेलं कूपन असेल तर दोन्ही बाजूंचा फोटो कमेंटमध्ये टाका. काउंटरवरच्या पोरापोरींची नावं, चेहरे टाकू नका. बोर्डाचा फोटो टाका, अटीचा टाका. प्रश्न त्यांना विचारायचाय, ज्यांनी ती अक्षरं एवढी बारीक केली.