गाडीला किती पाणी लागतं?

खर्डी मागे पडली तेव्हा तापमानाचा काटा मधली रेघ सोडून वर सरकला होता. मे महिन्याचा शेवटचा शनिवार, दुपारचे दोन वाजलेले. गाडीत आम्ही दोघं, तेरा वर्षांची लेक आणि नाशिकचा भाचा. मागे दोन तंबू, सतरंज्या, स्टोव्ह, दोन दिवसांचा शिधा. एसी पूर्ण. चालवत मी होते. काटा चढतोय हे मला दिसत होतं, तरी मी आणखी तीन किलोमीटर गाडी रेटली, कारण कसारा जवळ आलं होतं आणि मुलांना घाटाच्या पायथ्याशी थांबून रेल्वेचे बँकर बघायचे होते. कसारा ते इगतपुरी रेल्वेचा चढ सदतीसास एक इतका तीव्र आहे, त्यामुळे नाशिककडे जाणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं ढकलतात. भाच्याने ते कधी पाहिलं नव्हतं.

कसाऱ्याच्या अलीकडे बॉनेटच्या फटीतून वाफ आली. मी गाडी डावीकडे घेतली ती करवंदं विकायला बसलेल्या एका बाईंच्या टोपलीशेजारी.

आम्ही भंडारदऱ्याला काजवे बघायला निघालो होतो. वळवाचे एकदोन शिडकावे झाले की कळसूबाईच्या परिसरात हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर काजवे जमतात आणि अख्खं झाड एका लयीत पेटतं-विझतं. पाऊस नीट लागला की पंधरवड्यात सगळं संपतं. लेक शाळेत काजव्यांचा पाठ शिकली होती. त्यांच्या पोटातल्या ल्युसिफेरिनचा प्राणवायूशी संयोग होऊन उजेड पडतो आणि त्यात उष्णता जवळजवळ नसते, हे ती घोटीपर्यंत आम्हाला सांगणार होती. शेंडी गावाबाहेर तंबूची जागा ठरवलेली होती. तिथे पाणी मिळेल असं फोनवर कळलं होतं, म्हणून आम्ही बरोबर लिटरच्या चारच बाटल्या घेतल्या. त्यातल्या तीन शहापूर येईपर्यंत संपल्या.

गाडी तापली की काय करायचं हे मला ठाऊक होतं. इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं, दाब सुटला की क्षणात उकळतं आणि थेट तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतायचं नाही, धातूला तडा जातो. हे सगळं मी पाळलं. पाऊण तास आम्ही एका निष्पर्ण सागाच्या काडीएवढ्या सावलीत उभे राहिलो. जे तपासायला हवं होतं ते मात्र मी घरून निघताना तपासलं नव्हतं. टायरची हवा बघितली, ऑइल बघितलं. आठ वर्षांच्या गाडीचे रबरी होज पाइप हाताने दाबून बघायला दोन मिनिटं लागली असती.

करवंदांच्या बाई हे सगळं बघत होत्या. वय साठीच्या आसपास, पण चण काटक. झाकण उघडून मी बाटलीतलं उरलंसुरलं पाणी ओतलं, ते आवाज न करता आत गेलं. तेव्हा त्यांनी विचारलं, “गाडीला किती पानी लागंल, ताई?”

मी म्हटलं, “चार-पाच लिटर, मावशी.”

त्या उठल्या. रस्त्याच्या खालच्या अंगाला पंधरा-वीस घरांचा पाडा होता, तिकडे गेल्या आणि डोक्यावर स्टीलचा हंडा घेऊन वर आल्या. काठोकाठ नव्हता, पाऊण भरलेला. “घ्या,” म्हणाल्या.

मी पेल्याने ओतत राहिले. एक, दोन, पाच, आठ पेले. रेडिएटर भरेना. माझं लक्ष वरच्या तोंडाकडे होतं. मावशींचं पाण्याकडे होतं. “ताई, खालून चाललंय सगळं,” त्या ओरडल्या. मी वाकून पाहिलं. खालचा होज पाइप क्लिपेपाशी फाटला होता. मी वरून ओततेय ते पाणी हिरवट होऊन डांबरावर पसरत होतं आणि पसरता पसरता वाळत होतं.

मावशी धावत घरी गेल्या आणि घमेलं घेऊन आल्या. इंजिनाखाली सरकवलं. पाण्याची धार त्यात पडू लागली तेव्हा त्यांचा चेहरा जरा निवळला. “शेरडांना व्हईल,” म्हणाल्या.

मला तेव्हा त्यांना सांगावं लागलं की हे पाणी शेरडांना चालणार नाही. रेडिएटरमधल्या कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोडसर लागतं, जनावरं आवडीने पितात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. इतकं सगळं मी बोलले नाही. “त्यात विष आहे मावशी, जनावर मरेल,” एवढंच म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घमेल्याकडे पाहिलं. मग घमेलं दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि शेरडांचं तोंड पोचणार नाही अशा उंच दगडावर नेऊन ठेवलं. मला एका शब्दानेही दोष दिला नाही. हंड्यात तळाला चार बोटं पाणी राहिलं होतं, तेवढं त्या परत घेऊन गेल्या.

पाणी कुठून आणता, हे मी त्यानंतर विचारलं. विचारायचं होतं ते हंडा हातात घेण्याआधी. टँकर दोन दिवसांपूर्वी आला होता, पुढचा कधी येईल ते येईल तेव्हा. टँकर विहिरीत पाणी ओतून जातो, मग ते पोहऱ्याने वर ओढायचं.

मी मुलुंडला वाढले. आमच्या शाळेच्या वाटेवर तानसाच्या मोठ्या जलवाहिन्या होत्या, माणसाच्या उंचीपेक्षा जाड. उन्हाळ्यात आम्ही मुलं त्यांना हात लावायचो, कारण भर दुपारीसुद्धा त्या थंड लागायच्या. तानसा हे एखाद्या गावाचं नाव असेल असं कधी मनात आलं नाही. ते नळाचंच नाव वाटायचं. ते धरण १८९२ मध्ये पुरं झालं. शहापूर तालुक्यात आणि त्याच्या लगत त्यानंतर मोडकसागर झालं, भातसा झालं, अलीकडे मध्य वैतरणा झालं. मुंबईला रोज जवळजवळ चार हजार दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं आणि त्यातलं निम्मं एकट्या भातसाचं. ते नदीतून पिसे बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून पंपांनी उचललं जातं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि पुढे आमच्या टाक्यांत येतं. आमची गाडी ज्या रस्त्यावर बंद पडली तो रस्ता याच तालुक्यातून जातो. मुंबईची लोकलही इथवर येते, कसारा हे तिचं शेवटचं स्टेशन. आपल्या लोकलच्या हद्दीत, आपल्याच धरणांच्या शेजारी, मेमध्ये टँकर येतो.

पाऊस कमी म्हणून असं होतं असं नाही. सह्याद्रीच्या या उतारावर चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो. पण खाली काळा कातळ. बेसॉल्ट पाणी मुरवून घेत नाही, उतार ते थांबू देत नाही; आलं तसं ओहोळांनी खाली जातं, धरणात साठतं. पाडे वर राहतात, धरणं खाली. खालचं पाणी वर चढवायला पंप, नळ आणि वीजबिल भरणारा कुणीतरी लागतो. शंभर किलोमीटरवरच्या शहरासाठी हे सगळं उभं राहिलं आणि वरच्या चार-पाच किलोमीटरसाठी राहिलं नाही, याला मी भूगोल म्हणायला तयार नाही. ज्यांच्या जमिनीवर पाणी पडतं आणि ज्यांच्या तालुक्यात ते साठतं, त्यांचा त्यावर पहिला हक्क आहे असं माझं स्पष्ट मत आहे. सरकारी निकषच बघा: शहरातल्या माणसाला रोज १३५ लिटर, गावच्या नळयोजनेत ५५. तो ५५ सुद्धा या पाड्यावर कागदावरच होता. नळाचे खांब रोवलेले मी पाहिले, तोट्या कोरड्या होत्या.

सहाच्या सुमाराला कसाऱ्याहून मेकॅनिक मोटरसायकलवर आला. पाइप बघून त्याने मान हलवली. या गाडीचा पाइप कल्याणहून आणावा लागेल, सकाळच्या लोकलने मुलाला पाठवतो, म्हणाला. चिकटपट्टी गुंडाळून घाट चढायचा विषयच नको, हेड गॅस्केट जाईल, मग इंजिनच उघडावं लागेल. भंडारदऱ्याला फोन करून आम्ही येत नसल्याचं कळवलं. लेक काही बोलली नाही. ती गाडीत मागे जाऊन बसली आणि तिने काच वर घेतली.

मावशींनी तंबू त्यांच्या खळ्यात टाकायला सांगितलं. रात्री त्यांच्या सुनेने नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी दिली. आमच्या शिध्यातले तांदूळ आम्ही पुढे केले, पण शिजवायला पाणी लागेल म्हणून मीच ते परत ठेवले. स्टोव्ह काढला नाही. हात धुवायला सुनेने तांब्या आणला आणि लेकीने तळहात भिजतील इतकंच पाणी घेतलं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. पाड्याच्या टोकाला आंब्याखाली तीन-चार काजवे होते. भाच्याने तिला बघायला बोलावलं. ती गेली, थोडा वेळ उभी राहिली आणि परत आली. तीन-चारच होते, आणि तिला झाडं पेटलेली बघायची होती. तिची ती निराशा खरी होती. मी तिची समजूत घातली नाही.

पहाटे चारला हंड्यांचे आवाज आले. मी उठले, लेकीला उठवलं. मावशींना म्हटलं, काल मी सांडलं तेवढं तरी भरून देते. त्या नको नको म्हणाल्या, मग एक हंडा माझ्या हातात दिला.

विहीर अर्ध्या किलोमीटरवर, उतारावर. आम्ही पोचलो तेव्हा अकरा बायका आधीच बसल्या होत्या. टँकरचं पाणी मधल्या खळग्यात गोळा झालेलं, पोहरा सोडला तर तो दगडावर आपटून रिकामाच वर यायचा. म्हणून एक मुलगी आत उतरलेली होती. दगडी कपारींत पाय रोवून खाली गेली होती, तिथे उकिडवी बसून वाटीने पोहरा भरत होती. वरून बायका दोर ओढत होत्या. खालून वाटी खरवडल्याचा आवाज यायचा, मग “वढा!”. ती आमच्या लेकीच्याच वयाची. लेक आठवीत जाणार होती, हीसुद्धा आठवीत जाणार होती. लेक काठावर पोटावर पालथी पडून खाली बघत राहिली. बऱ्याच वेळाने तिने खाली विचारलं, “तुझ्याकडे टॉर्च आहे का?” नव्हती. लेकीने काजव्यांसाठी घेतलेली, लाल कागद लावलेली टॉर्च खाली सोडली. काजव्यांच्या जवळ पांढरा उजेड नेऊ नये म्हणून तो कागद तिने घरी स्वतः चिकटवला होता. तो काढायला ती विसरली आणि विहिरीचा तळ लाल दिसायला लागला.

आमचा नंबर कितव्या पोहऱ्यानंतर आला ते आठवत नाही. उजाडलं होतं एवढं आठवतं. पाणी गढूळ. मावशींनी हंड्याच्या तोंडाला लुगड्याचा पदर दुहेरी लावून ते गाळलं. बारा लिटरचा हंडा मी कमरेवर घेतला. चढावर दर वीस पावलांवर थांबावं लागलं आणि प्रत्येक थांब्याला थोडं हिंदकळलं. घरी पोचले तेव्हा हंडा पाऊणच भरलेला होता. माझ्यामागून त्या दोन हंडे डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन आल्या, पदर कोरडा.

अकराच्या सुमाराला पाइप आला. मेकॅनिकने जुना काढला, नवा बसवला, क्लिपा आवळल्या. मग सवयीने म्हणाला, आत फिरवायला बादलीभर पाणी आणा, एकदा धुऊन काढतो. नवऱ्याने त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून कसारा गाठलं आणि दुकानातून पाण्याचे दोन जार आणले. एक रेडिएटरसाठी, एक मावशींच्या ओट्यावर ठेवला. मावशींनी शेजारच्या घरी हाक मारली आणि आमच्यादेखत अर्धा जार तिकडे दिला. तिथे बाळंतीण होती. घमेल्यातलं पाणी मेकॅनिकने कॅनमध्ये भरून गॅरेजवर नेलं. घमेलं मी मातीने तीन वेळा घासलं. तरी शेरडांना त्यात काही देऊ नका, असं सांगून निघालो. टॉर्च विहिरीवरच्या मुलीकडे राहिली.

घाट चढलो नाही. गाडी वळवली आणि घरी आलो.

जुलैत रोज सकाळी वर्तमानपत्रात तलावांची पातळी छापून येते. सात तलाव, सात आकडे. आमच्याकडे ते कुणी वाचत नसे. या वर्षी लेक वाचते. भातसा भरत आल्याची बातमी आली त्या दिवशी तिने मावशींच्या मुलाच्या मोबाइलवर फोन लावायला लावला. पाऊस इतका होता की पलीकडचं नीट ऐकू येत नव्हतं. मावशी आनंदात होत्या. आवणी चालू होती, शेरडीला दोन पिल्लं झाली होती. लेकीने विचारलं, विहीर भरली का?

“भरली गं बाय, वरून वाहतेय.”

मग पुरेल ना आता?

“पुरंल की,” त्या म्हणाल्या, “शिमग्यापर्यंत.”