'मी आधी लागलो'

बेळगावच्या खडेबाजारातल्या चहाच्या टेबलावर आमच्या ओळखीचे एक निवृत्त अभियंता गेली काही वर्षं एकच तबकडी लावतात. 'मी आधी लागलो, तो नंतर लागला, आणि साहेब झाला तो! २०१७ साली कोर्टानं ज्येष्ठतेची यादी सरळ केली, सरकारनं मतांसाठी पुन्हा वाकडी केली. हे न्याय काय वो?' युक्तिवाद एवढाच, बाकीचा त्रागा.

'मी आधी लागलो' हे वाक्य ऐकलं की माझा चहा निवतो. आधी लागलात, पण कुठल्या पायरीवर? सेवाज्येष्ठता त्या-त्या संवर्गात मोजतात, त्या संवर्गात आल्या तारखेपासून. स्वतःच्या विनंतीवर दुसऱ्या विभागात बदली घेतलेला माणूस तिथल्या यादीत तळाला जातो, तेव्हा कोणी नेमणुकीचा कागद नाचवत नाही. पण अनुसूचित जातीचा सहकारी आरक्षणाच्या रोस्टरमधल्या राखीव बिंदूवर वरच्या पायरीवर गेला, तिथं सात-आठ वर्षं टेंडरं, मोजमाप, तपासण्या सांभाळल्या, आणि मग हे साहेब त्याच पायरीवर आले की त्यांना त्याच्या डोक्यावर बसायचंय. या करामतीला 'कॅच-अप' म्हणतात. म्हणजे ती सात-आठ वर्षं त्यानं काय, पदाला टेकून डुलक्या घेतल्या? कर्नाटकात बढतीत अनुसूचित जातींना १५ आणि जमातींना ३ टक्के आरक्षण १९७८ मध्येच सुरू झालं. काल रात्री कोणी घुसवलेलं नाही. २००१ च्या ८५ व्या घटनादुरुस्तीनं 'कॅच-अप'ला पर्याय म्हणून परिणामी ज्येष्ठतेची, म्हणजे बढतीबरोबर आलेली ज्येष्ठता टिकवण्याची, वाटही करून दिली.

गुणवत्तेचं रडगाणं जुनंच. ज्यांच्या गोपनीय अहवालात दरवर्षी 'चांगला' लिहिलं जातं, त्यांना बढतीच्या दिवशी अचानक गुणवत्ता आठवते. असो.

२०१७ च्या निकालाबद्दल मात्र साहेब सोयीनं अर्धंच सांगतात. परिणामी ज्येष्ठता देणारा कर्नाटकाचा २००२ चा कायदा पडला, कारण प्रतिनिधित्व अपुरं आहे हे दाखवणारी आकडेवारी सरकारनं गोळाच केली नव्हती. दप्तर कच्चं सरकारचं, पायउतार झाला कर्मचारी! अशी आकडेवारी हवीच असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा नागराज निकाल २००६ चा. अकरा वर्षं सरकारी कपाटं काय करत होती? शेवटी सरकारच्या रत्नप्रभा समितीनं या प्रतिनिधित्वाचा अभ्यास केला, आणि नवं विधेयक नोव्हेंबर २०१७ मध्ये मंजूर झालं ते आपल्याच बेळगावच्या अधिवेशनात, हलग्याजवळच्या सुवर्णसौधात. १० मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा उचलून धरला. तेव्हा कोर्टाचा मान राखायचा, तर दोन्ही निकालांचा राखा.

आता माझं म्हणणं. रखडलेल्या ज्येष्ठांचं दुःख खोटं नाही. त्यांच्यासाठी अधिसंख्य पदं काढावीत, बढत्या वेळेवर द्याव्यात. पण ज्यानं पदाचं काम केलं त्याला खाली ओढू नये. संवर्गनिहाय आकडे दरवर्षी कार्यालयाच्या भिंतीवर लावावेत. कोगनोळीच्या सीमेपलीकडे महाराष्ट्रातही ७ मे २०२१ च्या आदेशानं बढत्या नुसत्या सेवाज्येष्ठतेवर आणल्याच, तिथं तरी रांगेतले सगळे सुखी झाले का, ते विचारून या.

साहेबांना परवा हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, 'पण मी आधी लागलो होतो.' चहाचे पैसे मीच दिले.