चुलीवरचे मडके आणि पिंपातले विष

पंजाबात अमृतसर जिल्ह्यातील मजिठा परिसरात मे २०२५ मध्ये विषारी दारूने वीसहून अधिक माणसे दगावली. त्यापूर्वी जून २०२४ मध्ये तामिळनाडूतील कल्लाकुरिची येथे साठहून अधिक, जुलै २०२२ मध्ये गुजरातच्या बोटाद परिसरात चाळीसहून अधिक आणि जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी वस्तीत शंभरहून अधिक लोक याच रीतीने मृत्युमुखी पडले. गुजरातेत संपूर्ण दारूबंदी, तर पंजाबात दुकाने उघडी. परंतु मारेकरी सर्वत्र एकच, मिथेनॉल. शासनाची पहिली हालचालही बहुधा एकच असते: काही अधिकाऱ्यांचे निलंबन आणि पाठोपाठ गावोगावच्या हातभट्ट्यांवर धाडी. रसायन ओतून दिल्याची छायाचित्रे प्रसिद्ध होतात, आणि प्रकरण लोकांच्या विस्मरणात जाते.

या धाडींनी विषाचा उगम गाठला जातो काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. गूळ किंवा मोहफुले आंबवली असता साखरेपासून जे अल्कोहोल तयार होते ते इथेनॉल. मिथेनॉल प्रामुख्याने फळांतील पेक्टिनपासून आणि तेही अल्प प्रमाणात निर्माण होते; गुळाच्या आंबवणात ते नगण्यच. एका रात्रीत वस्तीच्या वस्ती उजाड करील एवढे मिथेनॉल चुलीवरच्या मडक्यातून निघत नाही. ते येते रंग, द्रावके आणि रसायने यांच्या उद्योगासाठी बनवलेल्या पिंपांतून. बोटादच्या प्रकरणात तर ते कारखान्याच्या साठ्यातूनच चोरले गेले होते. जिभेला त्याचा आणि मद्याचा भेद कळत नाही. यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, ते दृष्टीच्या मज्जातंतूवर घाला घालते. आणि ही लक्षणे अनेकदा बारा ते चोवीस तासांनी प्रकट होत असल्याने पिणाऱ्याला वेळीच सावध होण्याची संधीही मिळत नाही.

म्हणून हातभट्टी निर्धोक ठरते, असा अर्थ कोणी काढू नये. नवसागर घातलेले रसायन, गंजलेले डबे, शिशाचे डाग दिलेल्या नळ्या आणि उघड्या आगीशेजारी पेट घेणारी वाफ, हे सारे धोके खरे आहेत. ‘पहिल्या धारेची’ म्हणून जिचे कौतुक होते, त्या धारेत तर अ‍ॅसिटाल्डिहाइडसारखी उग्र द्रव्ये सर्वांत आधी उतरतात. जाणता गाळणारा सुरुवातीचा तो अंश फेकून देतो. पण हे दोष अज्ञानाचे व साधनांच्या दारिद्र्याचे आहेत. पिंपातले विष विकणे हा निव्वळ नफ्याचा गुन्हा आहे. भट्टी लावायची तर दिवस मोडतात, सरपण लागते, धूर दिसतो, वास लपत नाही. पिंपाला यांतले काहीच लागत नाही. धाडीचा रोख जोवर भट्टीवर आहे, तोवर विक्रेत्याला पिंपाकडे ढकलण्याचेच काम ती करते.

दोहोंना एकाच मापाने मोजण्याची ही रीत आपल्याकडे परकीय राजवटीपासून चालत आली आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती गाळप गुन्हा ठरवले आणि मद्यनिर्मिती मध्यवर्ती भट्ट्यांत व मक्तेदारांच्या हाती एकवटली. पुढे १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्यातील आदिवासींच्या मोहफुलांवरही कायद्याने बंधने आली. हेतू प्रजेच्या आरोग्याचा नव्हता, महसुलाचा होता. त्याच आदिवासींपैकी दक्षिण गुजरातेतील हजारोंनी १९२२ च्या देवी चळवळीत आपण होऊन दारू सोडली, हेही विसरता येत नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हेतू पालटला. पण चुलीवरचे मडके गुन्हेगार ते गुन्हेगारच राहिले.

अन्यत्र निराळा विचार झाला आहे. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस आंबवून प्रथम हुर्राक व पुन्हा गाळून फेणी काढण्याची घरोघरची विद्या अबकारी परवान्याच्या चौकटीत जगू दिली गेली. २००९ मध्ये काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. मध्य प्रदेशाने २०२२ पासून अलीराजपूर आणि दिंडोरीत आदिवासी बचतगटांना मोहाचे मद्य गाळून रीतसर विकण्याचा मार्ग खुला केला. न्यूझीलंडने १९९६ मध्ये स्वतःच्या वापरापुरते घरगुती गाळप कायदेशीर केले. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुलांवरील निर्बंध सैल केले खरे; पण फूल वेचावे, वाळवावे, विकावे आणि गाळले की कोठडीत जावे, हा न्याय अर्धाच राहतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप गावातील स्त्रियांचा आहे. गडचिरोलीत दारूबंदी आली ती लोकचळवळीच्या रेट्यावर, आणि ‘आडवी बाटली’साठी मतदान करणाऱ्या बायकांनी दारूचे परिणाम पुस्तकात वाचलेले नाहीत. त्यांना डावलून दिलेला परवाना टिकणार नाही आणि टिकूही नये. सुदैवाने १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात मादक पदार्थांच्या विक्री व सेवनावर बंदी वा नियंत्रण घालण्याचा अधिकार ग्रामसभेपर्यंत नेला आहे. गाळप हवे की नको, कोणत्या सणाला आणि किती, हे तिने ठरवावे; स्वच्छ तांब्याची वा पोलादाची भांडी आणि नमुन्यांची तपासणी एवढे शासनाने पाहावे.

शासनाचा खरा बंदोबस्त मात्र पिंपांपाशी हवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने औद्योगिक अल्कोहोलवरील राज्यांचा अधिकार मान्य केला. तेव्हा अधिकार नसल्याची सबब आता लंगडी आहे. मिथेनॉलचा प्रत्येक लिटर कोठून निघाला व कोठे पोहोचला, याची नोंद ठेवणे अवघड नाही. मालवणीच्या खटल्यात तब्बल नऊ वर्षांनी, २०२४ मध्ये, चौघे दोषी ठरले आणि दहा जण सुटले.

एक गोष्ट तर उद्यापासूनही करता येईल. मिथेनॉलची बाधा वेळीच कळली तर उतारा आणि रक्तशुद्धीकरण यांनी रोगी वाचू शकतो, दृष्टीही वाचू शकते. पण परवान्याविना पिणे हाच आपल्याकडे गुन्हा असल्याने घरची माणसे काय प्यायले हे सांगायला कचरतात, आणि मोलाचे तास हातचे जातात. असा रोगी दवाखान्यात आला तर त्याच्यावर वा त्याला आणणाऱ्यांवर पिण्याबद्दल खटला होणार नाही, एवढी लेखी हमी गृहखात्याने द्यावी आणि ती प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या दाराशी मराठीत लावावी.