चावी ज्याच्या हाती

प्रति,
मा. महापौर व मा. आयुक्त,
बेळगाव महानगरपालिका



1851 साली स्थापन झालेल्या नगरपालिकेचा वारसा चालविणाऱ्या आपल्या संस्थेस हे पत्र लिहिताना कोणाही अधिकाऱ्यावर ठपका ठेवण्याचा माझा हेतू नाही. ज्यांच्या श्रमांवर शहराचा नित्यक्रम चालतो, त्या खालच्या पायरीवरील सेवकांस निर्णयाचा काही अधिकार मिळावा, एवढीच विनंती करावयाची आहे. 

राकसकोप आणि हिडकल या जलाशयांतून आलेले पाणी कोणत्या गल्लीत किती वेळाने चढते, उताराच्या घरांतील हंडे भरून वाहत असता टोकाच्या घरचा नळ कोरडा का राहतो, कोणता सांधा दर उन्हाळ्यात निसटतो, हे ज्याला ठाऊक असते तो पहाटे व्हॉल्व्हची चावी घेऊन फिरणारा मनुष्य होय. आणि नकाशात कधीच न उतरलेले हे ज्ञान त्याच्याबरोबरच निवृत्त होते. पूर्वी मी ज्या गावी राहत असे, तेथे रस्त्याखालची नळी फुटली असता ती नेमकी कोठे फुटली हे व्हॉल्व्हमनने पहिल्याच सकाळी सांगितले होते. परंतु दोन मजुरांच्या रोजास मंजुरी येईपर्यंत नऊ दिवस लोटले, आणि लोकांचा सारा संताप दप्तरापर्यंत न पोचता त्या बिचाऱ्याच्या अंगावर आला.

नागरिकांस मुदतीत सेवा मिळावी म्हणून कर्नाटकाने 2011 साली जो कायदा केला आणि जो ‘सकाल’ या नावाने ओळखला जातो, त्यात विलंबाबद्दल दिवसाला 20 रुपये, अधिकात अधिक 500 रुपये, इतकी भरपाई असून ती कसूर करणाऱ्या सेवकाच्या पगारातून वसूल होऊ शकते. हेतू स्तुत्यच आहे. परंतु विलंब टाळण्याचा अधिकार ज्याला दिलेला नाही, त्याच्याकडून विलंबाचा जाब मागणे न्यायाचे होईल काय? दंड पायरी-पायरीने खाली उतरतो, अधिकार मात्र वरच थांबतो.

म्हणून माझे मागणे तीन गोष्टींपुरते आहे. किरकोळ दुरुस्तीसाठी ठराविक रकमेपर्यंत जागच्या जागी खर्च करण्याची मुभा प्रभागातील सेवकांस लेखी हुकमाने द्यावी, आणि हिशेब मागाहून काटेकोरपणे तपासावा. दुसरे असे, की बळ्ळारी नाला फुगून शहापूर-वडगावच्या शिवारात शिरतो, तेव्हा नाले कोठे तुंबतात हे मुकादम आणि सफाईचे काम करणारे पौरकार्मिक यांना पंचनाम्याआधीच ठाऊक असते. तेव्हा पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत त्यांचे म्हणणे प्रथम ऐकावे, त्याची नोंद व्हावी आणि तिच्यावर खातेप्रमुखाने मुदतीत शेरा मारावा. तिसरे असे, की उद्याच्या रोजाची ज्याला शाश्वती नाही, त्याला साहेबासमोर खरे बोलण्याचे धैर्य होत नाही. यास्तव नित्याची कामे करणारांना नोकरीची हमी देण्यास प्राधान्य असावे.

1993 साली 74वी घटनादुरुस्ती अमलात आल्यापासून देशातील नगरसंस्था राज्यांकडे हेच मागत आल्या आहेत की, कर्तव्ये दिलीत तर अधिकार आणि निधीही द्या. बेंगळूरच्या राज्य सरकारसमोर जो युक्तिवाद आपण न्याय्य मानता, तोच आपल्या दारात उभा असलेला सेवक आपल्यासमोर मांडत आहे. त्याला जे उत्तर आपण द्याल, त्यावरून आपल्या स्वतःच्या मागणीचे नैतिक वजन ठरेल.

1924 च्या डिसेंबरात गंगाधरराव देशपांडे यांच्या परिश्रमाने याच शहरात महात्माजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा सफाईचे काम स्वयंसेवकांनी आपल्या हातांनी केले. त्या थोड्या दिवसांत झाडूस जी प्रतिष्ठा या भूमीवर लाभली, तिला आज अधिकाराची जोड द्यावी. चावी ज्याच्या हाती आहे, त्याचा शब्दही दप्तरात चालू द्या.

आपला,
बेळगावचा एक नागरिक